पासवर्ड दळून मिळेल

सी भाषेत पासवर्डचं हॅशिंग करायला तीन गोष्टी लागतात: लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर, जीसीसी कंपायलर आणि आपल्याला सगळं येतं हा ठाम विश्वास. मधली फुकट मिळते. शेवटची तुमच्याकडे असणारच, नाहीतर तुम्ही सी निवडली नसती.

हॅशिंग हे गिरणीचं काम. वरून पासवर्ड ओतायचा, खाली पीठ पडतं. पिठाचे परत गहू होत नाहीत. गिरणी मात्र स्वतः बांधायची नाही. क्रिप्ट नावाचं फंक्शन युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून आयतं आहे. स्वतःचा अल्गोरिदम लिहायची हौस आलीच, तर पाणी पिऊन जरा पडा.

आता दहा-बारा ओळी लिहा आणि हेडर फाइल विसरा. कंपायलर वॉर्निंग देईल. तिकडे दुर्लक्ष करायची आपल्याकडे परंपराच आहे. ६४ बिटी मशीनवर क्रिप्टने परत दिलेला पत्ता मग साधा इंट समजून अर्धा कापला जातो आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट म्हणत आडवा होतो. जीसीसी १४ पासून ही गंमत संपली. तो थेट एररच देतो.

हेडर घातलं, तरी लिंकर म्हणेल की क्रिप्ट सापडत नाही. कमांडमध्ये 'हायफन एल क्रिप्ट' लिहा आणि तेही फाइलच्या नावानंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. ज्याची गरज अजून कुणी सांगितलेली नाही, ते तो सहसा सोबत घेत नाही.

झालं कंपाइल. पेढे वाटू नका. पासवर्ड एफगेट्सने वाचला असेल, तर शेवटी दाबलेलं एंटरही दळणात गेलं. हॅश सुबक दिसेल, जुळणार मात्र नाही. ती नवी ओळ आधी कापा. निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर शिकलेला कुणी 'मग गेट्स वापर' म्हणेल; त्याला सांगा, ते २०११ च्या स्टँडर्डने काढून टाकलं.

खरी खोच सॉल्टमध्ये आहे, म्हणजे पासवर्डसोबत दळणात टाकायच्या चिमूटभर जादा अक्षरांत. जुन्या उदाहरणांत दोन अक्षरांचा सॉल्ट असतो. तो दिलात की जुनी डीईएसवाली पद्धत चालू होते आणि ती पासवर्डची पहिली आठच अक्षरं बघते. रोमन लिपीत 'महाराष्ट्र' टाइप करा: 'महाराश'ला आठ अक्षरं संपली. पुढचं 'ट्र', जन्मसाल आणि उद्गारचिन्ह जोडायची मेहनत वाया. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांचा याच पद्धतीने दळलेला पासवर्ड २०१९ मध्ये फुटला. राणीसमोरचं प्यादं दोन घरं पुढे, ही बुद्धिबळातली चाल होती ती, नेमक्या आठ अक्षरांत.

म्हणून सॉल्टची सुरुवात 'डॉलर सहा डॉलर'ने करा. मग एसएचए-५१२ चालू होतं आणि मुळातच ५००० फेऱ्या मारतं. 'डॉलर वाय डॉलर'ने येस्क्रिप्ट मिळतं, ते आणखी बरं. प्रत्येक पासवर्डला सॉल्ट नवा हवा. सगळ्यांना एकच दिलात, तर कंपायलर चकार शब्द काढणार नाही. हेडर विसरल्यावर डोकं उठवणारा तो, इथे मुका.

आणि चाचणीसाठी बँकेचा पासवर्ड कमांडच्या ओळीत टाइप करू नका. तो बॅशच्या हिस्टरी फाइलमध्ये न दळलेला, जसाच्या तसा राहतो.