टोचनवाले आबा

पारोळा-एरंडोल रस्त्यावर गाडी बंद पडली, की आधी बॉनेट उघडतं आणि मग आबा उगवतात. कुठून, ते विचारू नये. जळगाव-धुळे पट्ट्यात असे आबा ढाब्यागणिक एक आहेत. स्वतःची गाडी नाही, पण टोचन लावायचं म्हटलं की यांचा शब्द शेवटचा.

ड्रायव्हर बिचारा केळीचा माल बांधायचा हिरवा प्लास्टिकचा दोर काढतो. आबा त्याचा एक पीळ उलगडतात, नखानं खरवडतात. बोटाला भुसा लागतो. "हाऊ दोर कामना नही, भाऊ! उन्हानं खाल्ला." आणि हे खरंच असतं. ते प्लास्टिक उन्हात कुजतं, आणि खान्देशचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

मग साखळी? "झटका बसला की हूक उपटून हातात येईल." तार? "तुटली तर काचेतून आत येईल." पसंती एकाच गोष्टीला, जाड नायलॉनला. तो ताणला जातो, म्हणून झटका गाडीला बसत नाही. "झटका दोरानं प्यायला पाहिजे," हे बोलताना आबा स्वतः चहा पीत असतात, अर्थात ड्रायव्हरच्या पैशानं. तुटलेल्या दोराला गाठ मारू पाहणाऱ्यावर ते खवळतात: "गाठ मारली की निम्मा जोर गेला!"

नियमही तोंडपाठ. 1989 च्या, 2017 पर्यंत लागू असलेल्या जुन्या रस्ता नियमावलीतलं 5 मीटर अंतर आणि ताशी 24 किलोमीटर वेग त्यांनी बहुधा एखाद्या हवालदाराकडून उचललं असावं. अंतर ते पावलांनी मोजतात, आणि केळीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कोळशानं 'ऑन टो' लिहून मागच्या गाडीला अडकवतात.

एकदा सुट्टीवर आलेल्या एका पोरानं सांगितलं, की समुद्रात कयाक, म्हणजे छोटी होडी, ओढायला पंधराएक मीटरचा, पाण्यावर तरंगणारा दोर लागतो आणि तो कमरेच्या पट्ट्यातून एका हिसक्यात सुटावा लागतो. आबांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी क्षणभरही न थांबता म्हणाले, "लांब पाहिजेच. नाहीतर लाटेवरून मागचा येऊन पुढच्याच्या पाठीत बसेल!" पोरगं गप्प झालं, कारण खरं कारण तेच होतं.

तेव्हा या रस्त्यानं निघताना डिकीत चांगला नायलॉनचा दोर टाका. आबा फक्त सल्ला देतात. त्यांच्याजवळ दोर कधीच नसतो.