शॉवरची मिनिटे

कार्बन पाऊलखुणा मोजणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर हमखास विचारतात, शॉवरखाली किती मिनिटे उभे राहता? सोलापुरात हे विचारायला धाडस हवे. वर्षानुवर्षे नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात माणूस बादलीभर पाण्यात उरकतो आणि आयताच पर्यावरणरक्षक ठरतो. टंचाईला संयमाचे गुण मिळतात. शहराला पाणी देणाऱ्या उजनी धरणावरच जिल्ह्यातला ऊस पोसला जातो आणि फताटेवाडीचे १३२० मेगावॉटचे कोळशाचे वीजकेंद्रही चालते. किलोभर ऊससाखरेमागे जागतिक सरासरीने १७०० लिटरहून अधिक पाणी धरतात. पण चहात साखर किती, एवढेच या यंत्राला विचारता येईल. पाणी कोणाला किती द्यायचे हे कोण ठरवतो, याला रकानाच नाही.

निदान जाणीव तरी होते, असे यावर म्हटले जाते. होते की! २००४च्या सुमारास असा कॅल्क्युलेटर लोकांपुढे ठेवून ही जाणीव करून दिली ती बीपी या तेलकंपनीने. तेल तिचे, पाऊलखुणा आपल्या. गणित सुधारता येईल, हा दुसरा युक्तिवाद रास्त आहे. सुधारावे, उजनीच्या पाणीवाटपाचा तक्ता तेवढा त्यात भरावा, मग शॉवरचा हिशेब सोलापूरकर सेकंदात देतील.