औषध बाळाला, पथ्य घराला

मराठी घरात तान्ह्या बाळाचं पोट दुखलं की त्याच्या आईची वांगी बंद होतात. मागोमाग हरभऱ्याची डाळ जाते, पावटा जातो, फ्लॉवर जातो. आणि ज्याच्या पोटासाठी हे सगळं चाललेलं असतं तो जीव दुपट्यात मुठी आवळून, जगातल्या कुठल्याच भाजीशी आपलं देणंघेणं नसल्यासारखा तार सप्तकात रडत असतो. आमच्या लेकीच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आईने नेहमीचं सगळं जेवावं, काही बिघडत नाही. सासूबाईंनी अतिशय आदराने मान डोलावली आणि घरी आल्यावर माझ्या पानात दुधी वाढला. तो दुधी पुढे बरेच महिने तिथेच मुक्कामाला होता. पोट तिचं, पथ्य माझं, ही वाटणी कुणी आणि कधी केली कोण जाणे. पण लेकरांच्या बाबतीतला बहुतेक उपदेश असाच चालतो, हे तेव्हापासून माझ्या ध्यानात येऊ लागलं. सांगायचं मुलाच्या नावाने आणि पाळायचं मोठ्यांनी.

माझं माहेर सांगलीचं आणि सासर साताऱ्याचं. दोन्ही गावं कृष्णेची. माहुलीच्या संगमावरून निघालेलं पाणी कऱ्हाडात कोयनेला भेटून निवांत सांगलीच्या घाटाला लागतं. पण तेवढ्या वाटेत बालसंगोपनाचं शास्त्र पार उलटंपालटं होतं. लेक साताऱ्यात शिंकली की सासूबाई म्हणतात, "सांगलीचं पाणी बाधलं." सांगलीत शिंकली की आई म्हणते, "साताऱ्याचं वारं बाधलं." यवतेश्वराच्या डोंगरावरून उतरणाऱ्या त्या वाऱ्याची माझ्या माहेरी इतकी दहशत आहे की त्याचं नाव निघालं तरी कुणीतरी उठून खिडकी लावतं, आणि तीसुद्धा मे महिन्यात, सांगलीत. दोघी विहिणी एकमेकींना शब्दाने दुखावणार नाहीत. भांडतात त्या भूगोलाच्या आडून. सातारा टोपरी शिवून पाठवतो, सांगली हळकुंडं पाठवते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईला त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. खोकल्यापासून खरचटण्यापर्यंत सगळ्या खात्यांत तिने ते कधीच देऊन टाकलेलं होतं.

सांगलीला लागूनच हरिपूर आहे. तिथे वारणा कृष्णेला मिळते आणि तिथेच जमिनीच्या पोटात हळदीची पेवं असत. तोंड अरुंद, आत खोल अंधार. व्यापारी हळद त्यात उतरवून वर माती लोटायचे आणि वर्षं गेली तरी वास आणि रंग जागच्या जागी. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी पेवं निकामी झाली. आमच्या आज्यांजवळची पेवं मात्र कुठल्याच पुराला बधली नाहीत. खापरपणजीने पुरून ठेवलेला सल्ला नातवंडाच्या एका शिंकेसरशी बाहेर निघतो आणि तितकाच झणझणीत असतो.

गुटीचंच घ्या. सहाण, तिच्यावर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ यांचे मोजून वेढे, आणि ते उगाळताना आजीच्या चेहऱ्यावर येणारी ती समाधी. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. गुटी नको, पाणी नको, आणि वर्षाच्या आत मधाचं बोट तर अजिबात नको. दोन्ही आज्या, एरवी भूगोलावरून भांडणाऱ्या, त्या दिवशी एक झाल्या. "मग तू कशी जगलीस?" असं त्यांनी मला विचारलं. या प्रश्नाला उत्तर नाही. खटल्यातला जिता पुरावा मी स्वतःच, आणि पुराव्याला बोलायची परवानगी नसते. अखेर तह झाला. पोटातली गुटी सुटली, पण वेखंडाची पूड न्हाऊ घातल्यावर टाळूवर आली, आणि सहाण देवघरात गेली. अधूनमधून तिच्यावर चंदन उगाळताना सासूबाईंचा हात एका जागी थबकतो, मनातल्या मनात जायफळाचे दोन वेढे घेतो आणि पुन्हा चंदनाकडे वळतो. मी पाहूनही न पाहिल्यासारखं करते.

घरातल्या सल्ल्याला निदान भिंती असतात. आगगाडीतल्या सल्ल्याला त्याही नाहीत. लेक चार-पाच महिन्यांची असताना मी तिला घेऊन साताऱ्याहून सांगलीला निघाले. रहिमतपूरला चढलेल्या मावशींनी आल्या आल्या विचारलं, "टोपरं कुठाय?" मी टोपरं घातलं. कऱ्हाडला काकू चढल्या, म्हणाल्या, "लेकरू उकडून निघालं की गं," आणि त्यांनी ते स्वतःच काढलं. ताकारीला पायात काळा दोरा का नाही याची चौकशी झाली. किर्लोस्करवाडीला मला दूध पुरेसं येतं का, अळीव खाते का, नवरा रात्री उठतो का, इथवर विषय गेला. याच किर्लोस्करवाडीहून १९३० पासून 'स्त्री' मासिक निघू लागलं होतं आणि बायांशी शहाणपणाच्या चार गोष्टी बोलत होतं. तेव्हा या रुळांवरून सल्ल्याची गाडी काही नवी धावत नव्हती. लेक एव्हाना या मांडीवरून त्या मांडीवर करत डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. माझ्याबद्दल आणि माझ्या दुधाबद्दल चाललेली चर्चा कानावर येत होती, पण हळूहळू ती दुसऱ्याच कुणाविषयी चालल्यासारखी वाटू लागली. मग एका मावशींनी मला हलवलं. "उठ बाई, सांगली आली." माझी ओढणी माझ्याच अंगावर नीट पांघरलेली होती. लेक टक्क जागी, एका अनोळखी खांद्यावरून डब्याकडे बघत. त्या सबंध डब्यात झोपलेली मी एकटीच होते.

झोपेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून रोज १० ते १३ तास झोप हवी, आणि पडद्यापुढे बसून राहणं तासाभराच्या आत, कमी असेल तितकं बरं. लेक त्या वयाला आली तेव्हा मी ते वाचलं आणि आमच्या घरात १३ तास झोपण्याची ताकद कुणात आहे याचा अंदाज घेतला. एकच नाव पुढे आलं, आणि ते तिचं नव्हतं. रात्री तिला निजवायला तिचे बाबा आत जातात. दिवा मालवतात, थोपटतात, काहीतरी गुणगुणतात. थोड्या वेळाने दार किलकिलं होतं आणि लेक बाहेर येऊन ओठांवर बोट ठेवून सांगते, "बाबा झोपले. आता हळू बोला." तिने त्यांना पांघरूण घातलेलं असतं, कधीकधी उशाशी स्वतःचं अस्वलही दिलेलं असतं.

मला यात नवीन काही वाटत नाही. सांगलीच्या आमच्या जुन्या घराला गच्ची होती. उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यावर बादल्यांनी पाणी मारायचं, तापलेल्या फरशीतून वाफ निघून गेली की गाद्या घालायच्या, आणि मग आजोबा गोष्ट सांगायला बसायचे. आम्हां पोरांना लवकर झोप लागावी हा हेतू. त्यांच्या गोष्टीत एक राजपुत्र होता, त्याला सात दारं ओलांडून जायचं होतं. तिसऱ्या-चौथ्या दाराशी आजोबांचा आवाज जड व्हायचा, पाचव्याशी शब्द एकमेकांवर रेलायचे, आणि सहाव्या दारात राजपुत्राने अचानक बाजारातून दोन किलो गूळ आणलेला असायचा. आम्ही हसून उठवायचो, "अण्णा, मग?" अण्णा म्हणायचे, "मग काय, झोपला तो." सातव्या दारामागे काय होतं ते आम्हांला अखेरपर्यंत कळलं नाही. आता लेकीला तीच गोष्ट सांगताना माझीही गाडी सहाव्या दाराशी थांबते. पुढचं मलाच कुणी सांगितलेलं नाही. ती मात्र डोळे मिटायचं नाव न घेता दाराच्या कडीचा रंग विचारते.

मुलांच्या नावाने सांगितलेलं मोठ्यांनी पाळायच्या बाबतीत सांगली जिल्ह्यातल्याच एका गावाने सगळ्यांवर कडी केली. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली, आणि शाळा परत वर्गात गेली तरी मोबाइल पोरांच्या हातातच राहिला. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने ठराव केला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरातला टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा आणि माणसांनी एकमेकांशी बोलायचं. पुण्यामुंबईच्या, अगदी परदेशातल्या पत्रकारांनीही याची दखल घेतली. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. दुखणं पोरांचं म्हणून बैठक भरली, पण सातच्या भोंग्याने बंद पडल्या त्या सासवांच्या मालिका, सुनांचे व्हॉट्सअॅप आणि बापांच्या बातम्या. सुरुवातीला अंगणवाडीच्या बायका, आशाताई, निवृत्त गुरुजी घरोघर फिरून समजावत होते म्हणे. समजावण्याची गरज कुणाला पडली असेल, पहिलीतल्या पोराला की त्याच्या आजोबांना, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कारण आमच्या घरी तो प्रयोग झाला. आमच्याकडे देऊळ नाही आणि भोंगाही नाही, म्हणून ते काम लेकीने अंगावर घेतलं. सातच्या सुमारास ती दोन्ही गाल फुगवून "भोंऽऽ" करत सगळ्या खोल्यांतून फिरते आणि मोबाइल गोळा करून रिकाम्या पेढ्यांच्या खोक्यात टाकते. सासरे पहिल्या दिवशी म्हणाले, "अगं, बातम्यांत पावसाचा अंदाज सांगतायत." ती खिडकीपाशी गेली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "पडतोय." साताऱ्याच्या जुलैत यापलीकडे हवामान खात्याला तरी काय सांगता येतं?

मग त्या रिकाम्या वेळाचं करायचं काय, तर सासऱ्यांनी सूर्यनमस्कार काढले. त्यांचे वडील औंधच्या शाळेत शिकलेले, आणि औंध संस्थानात तेव्हा नमस्कारांतून सुटका नव्हती. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून ते सक्तीचे केले होते. पण या राजाची गंमत अशी, की रयतेच्या पोरांना सांगण्याआधी तो स्वतः वर्षानुवर्षं रोज घालत होता आणि राजवाड्यातली राणीसुद्धा त्यातून वगळलेली नव्हती. पुढे १९३८ मध्ये त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनलाही निघालं. सल्ल्याच्या इतिहासात असं उदाहरण विरळा. बहुतेक राजे दवंडी पिटून मोकळे झाले असते. मी ही हकीकत मोठ्या कौतुकाने आईला फोनवर सांगितली. नमस्कार सुरू करण्याआधी दहाएक वर्षं राजेसाहेब सँडो नावाच्या युरोपातल्या पहेलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत होते आणि नमस्कारांकडे त्यांना वळवलं ते मिरजेच्या संस्थानिकांनी, हेही सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "म्हणजे मूळ सल्ला आमच्याकडचाच." मिरज सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा बोलायला जागा नव्हती.

आता रोज संध्याकाळी सतरंजी पडते. मुलांनी व्यायाम करावा म्हणून सुरू झालेल्या या उपक्रमात नमस्कार सासरे घालतात आणि लेक मोजते. तिचा आकड्यांशी व्यवहार उदार आहे. "एक, दोन, तीन, सात, अकरा, बारा!" बारा ठरलेले असतात, सहातच पुरे होतात, आणि सासरे घाम पुसत सांगतात की पोरीचं गणित चांगलं आहे. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून फक्त प्राणायाम करतात, डोळे मिटून. तो कधीकधी घोरण्यापर्यंत पोचतो. नऊच्या आत तिघंही झोपलेले असतात, म्हणजे सासरे, सासूबाई आणि लेकीचे बाबा. लेक माझ्याबरोबर स्वयंपाकघरात असते, ओट्याखाली डब्यांची शाळा भरवते आणि त्यांना लवकर निजण्याचं महत्त्व सांगते. शेवटी तीही तिथेच कलंडते. मी तिला उचलून आत नेते, मग राहिलेली भांडी, उद्याचा डबा, मटकीला पाणी.

परवा अशीच उशिरा आईला फोन लावला आणि सगळा अहवाल दिला. लेक जेवली, तूपभात खाल्ला, भोंगा झाला, गोष्ट झाली, खोकला नाही, वारं लागू दिलं नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते झालं. तू जेवलीस का?"

मी म्हटलं, जेवले की.

"गरम?"

"आई, किती वाजलेत बघ."

"तेच बघतेय. पावणेअकरा. अजून जागी कशाला? हळद घालून दूध घे आणि झोप. मी धरते फोन, पी आधी."

मी दुधाचं पातेलं न हलवताच "पितेय" म्हणाले.

"भांड्याचा आवाज नाही आला," आई म्हणाली.