नाताळ तिथे कुलूप

मराठी मध्यमवर्गीय घराला सहकुटुंब परदेशी जायला वर्षातून जेमतेम एक आठवडा सापडतो, आणि तोही दुसऱ्यांच्या सणाचा असतो. गणपतीत घर सोडता येत नाही, कारण गणपती घरी येतो. दिवाळीत फराळ, पाडवा, भाऊबीज. आणि भाऊबीज चुकवली तर नणंदेचा रुसवा पुढच्या भाऊबीजेपर्यंत टिकतो. मे महिन्यात आढीत आंबे पिकत असताना माणसांनी विमानात जाऊन बसणं आमच्याकडे पाप समजतात. राहता राहिला नाताळ. नैवेद्य नाही, सोवळं नाही, कुणाला ओवाळायचं नाही. शाळा बंद. नवऱ्याचं ऑफिसही बंद असल्यासारखंच, कारण ह्याचा क्लायंट अमेरिकेत. तिकडे त्यांची टर्की ओव्हनमध्ये गेली की इकडे ह्याचा लॅपटॉप मिटतो. ज्या सणात आपल्याला काहीच करायचं नसतं, तो सण किती सुखाचा असतो हे नाताळानं आम्हाला शिकवलं.

फक्त जायचं कुठे?

हा विषय आमच्याकडे नवरात्रात निघतो आणि चकलीच्या पहिल्या घाण्याबरोबर पेटतो. मुलगा चौथीत, त्याला बर्फ हवा. मुलगी नववीत, तिला जपान. दीर-जाऊ नाशकाहून व्हिडिओ कॉलवर हजर असतात. जावेला दुबई हवी आणि दिराला जॉर्जिया, कारण त्याच्या मोबाइलवर सध्या जॉर्जियाचे डोंगर आपोआप उगवतात. सासऱ्यांना लंडन. सासूबाई म्हणतात, “मला काय, कुठेही चालेल.”

मराठी घरात सून म्हणून काही काळ काढलेल्या कुणालाही विचारा, यादीतली सगळ्यात कठीण अट हीच. आईंच्या ‘कुठेही’तून भिशीतल्या बायका जिथे जिथे जाऊन आल्या ती ठिकाणं आधीच वजा असतात, म्हणजे दुबई, सिंगापूर, बाली आणि थायलंड गेलं. मग जिथे फार चालावं लागतं ते देश गेले. मग जिथे भाजीतसुद्धा मासा असतो ते. शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार डिसेंबरात येतात, तेव्हा साबुदाणा नेता येईल आणि भिजवता येईल अशी जागा हवी. उरलेल्या पृथ्वीवर त्यांना खरंच कुठेही चालतं.

बाबांच्या लंडनवर आम्ही बराच वेळ घालवला. बाबा कधी लंडनला गेलेले नाहीत, पण रेडिओवर क्रिकेटचं समालोचन ऐकून वाढलेल्या पिढीतले असल्यामुळे लॉर्ड्सहून ओव्हलला कसं जायचं हे त्यांना ठाण्याहून दादरला कसं जायचं यापेक्षा चांगलं माहीत आहे. “ट्यूबनं जायचं. टॅक्सी कशाला?” असं ते आत्ताच तिथे उभे असल्यासारखे म्हणाले. मुलीनं मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, “आजोबा, २५ डिसेंबरला ट्यूब बंद असते. बससुद्धा.”

बाबांचा विश्वास बसेना. “महायुद्धात बाँब पडत होते तेव्हा चालू होती. सांताक्लॉजसाठी बंद?” पण आहे खरं तसंच. नाताळच्या दिवशी लंडनमध्ये ना ट्यूब धावते, ना बस, आणि रेल्वेगाड्याही जवळजवळ नसतात. सूर्यसुद्धा आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. म्हणजे हॉटेलच्या खोलीत बसून खाकरे खायचे आणि खिडकीतून अंधार बघायचा. त्यासाठी लोडशेडिंगच्या काळात आपलं गाव काही वाईट नव्हतं, असं आई म्हणाल्या.

मग जर्मनीतले ते नाताळ बाजार निघाले. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, आल्याची बिस्किटं, अगदी कॅलेंडरवर असतं तसं. न्यूरेंबर्गचा बाजार फार नावाजलेला आहे आणि तो २४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता उठतो. आमच्या मुलांची शाळा सुटणार २४ तारखेला दुपारी बारा वाजता. भाऊबीजेच्या दुपारी एखादं जर्मन कुटुंब बाकरवडी घ्यायला म्हणून पुण्यात उतरलं तर त्यांना जेवढं पुणं दिसेल, तेवढंच न्यूरेंबर्ग आम्हाला दिसलं असतं.

एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की जिथे खरा नाताळ असतो तिथे त्या दिवशी कुलूप असतं. लोक दुकानं ओढून घेऊन आपापल्या आईकडे जेवायला गेलेले असतात. आणि जिथे सगळं उघडं असतं तिथे नाताळ नसतो, नाताळाची सजावट असते. आमच्या मजल्यावर वसईच्या एक मावशी राहतात. त्यांच्याकडे डिसेंबर लागला की नेवऱ्या, कुलकुल, मार्झिपानचे साचे. चोवीस तारखेला रात्री मिस्सा, आणि पंचवीसला वसईच्या घरी इतकी माणसं की पंगती बसतात. लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, “यंदा कुठे?” मी म्हटलं, ठरत नाहीये. त्या हसल्या. “नाताळात घर सोडून कोण जातं गं? आम्ही मे महिन्यात जातो.” आणि आंबे? “आंबे काय, आल्यावर खातो.” मला त्या क्षणी आपल्या दोन्ही संस्कृतींचा मेळ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घालता येईल असं वाटून गेलं. पण घरी हे बोलायची सोय नव्हती.

जपानचं प्रकरण मुलीनं फार हुशारीनं मांडलं. तिथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते, सगळं उघडं असतं, गाड्या मिनिटाबरहुकूम धावतात. वर नाताळची गंमतही असते: १९७४ साली केएफसीनं जाहिरात केली, तेव्हापासून जपानी कुटुंबं नाताळात तळलेली कोंबडी खातात आणि त्यासाठी कितीतरी दिवस आधी नाव नोंदवून ठेवतात. आईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि ज्यांचा गुरुवार असेल ते?” जपान तिथेच संपलं.

जॉर्जियासाठी बाबांनी माळ्यावरून ॲटलास काढला. आमच्या ॲटलासमध्ये अजून सोव्हिएत संघ आहे, फिकट गुलाबी रंगाचा, दोन पानं व्यापून आणि मधल्या शिवणीत थोडा फाटलेला. त्यात जॉर्जिया नावाचा देश सापडेना, तेव्हा बाबा म्हणाले, “आधी त्यांचं नीट ठरू दे, मग आपण जाऊ.” त्यांचं १९९१ सालीच ठरलंय हे सांगूनही ॲटलास काही मिटला नाही. पुढे असं निघालं की जॉर्जियातला नाताळ ७ जानेवारीला असतो. त्यांचं चर्च जुनं ज्युलियन पंचांग पाळतं आणि ते तेरा दिवस मागे आहे. म्हणजे आम्ही नाताळासाठी जाऊन नाताळाच्या आधीच परत येणार होतो. “मग काय झालं?” दीर म्हणाला. “गर्दी कमी.” त्याला सगळ्याच गोष्टींत गर्दी कमी दिसते. अशाच एका हिशोबानं त्यानं आम्हाला एकदा महाबळेश्वरला जुलैत नेलं होतं.

बर्फाचं मात्र मनाला लागत होतं, कारण मुलगा हट्ट करत नव्हता. तो फक्त फ्रीजरचं दार उघडून आत हात घालून उभा राहायचा. म्हणून फिनलंडचं रोवानिएमी बघितलं. १९५० साली एलिनॉर रूझवेल्ट येणार म्हणून तिथे आर्क्टिक वृत्ताजवळ एक लाकडी खोपटं बांधलं, आणि त्याच्याच आजूबाजूला पुढे सांताक्लॉजचं गाव वसलं. आता तिथे पोस्ट ऑफिस आहे, रेनडिअर आहेत, आणि बारा महिने सांता भेटतो. नाताळाच्या सुमारास दिवस दोन-सव्वादोन तासांचा असतो. सूर्य अकरानंतर उगवतो आणि दीडच्या आत परत जातो. आईंनी एकच विचारलं, “दोन तासांत कपडे वाळतात का?”

तेवढ्यात बाबांना इतिहास आठवला. सांताचं मूळ गाव फिनलंड नव्हे, म्हणाले. संत निकोलस हे मायराचे बिशप, चौथ्या शतकातले. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं डेमरे. आणि १०८७ साली इटलीतल्या बारी गावच्या खलाशांनी त्यांची हाडं तिथून उचलून नेली. “हाडं?” मुलगा म्हणाला. “म्हणजे सांता मेला?”

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी चष्मा पुसला. आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलेल्या माणसाला अशा प्रश्नांची सवय असते. “ते जुने,” ते म्हणाले. “हल्ली फिनलंडचे काम बघतात.”

मुलाला हे पटलं, पण फिनलंडच्या तिकिटांचे भाव कुणालाच पटले नाहीत. शिवाय युरोप म्हटलं की शेंगेन व्हिसा आणि त्याची फी मोठ्या माणसाला ९० युरो. नकार आला तरी परत मिळत नाही. तरी नवऱ्यानं सगळ्यांचे कागद जमवायला घेतले. बँकेची स्टेटमेंटं, आयकराची रिटर्नं, रजेचं पत्र. आईंच्या फॉर्मवर व्यवसाय आणि उत्पन्नाच्या रकान्यांशी तो थांबला. एका पगारात दोन मुलांची शिक्षणं, दोन बाळंतपणं आणि एक फ्लॅट निभावून नेलेल्या बाईच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहायचं आणि उत्पन्न शून्य. आई म्हणाल्या, “लिही, भिशीत आहे.” तो फॉर्म पुढे भरलाच गेला नाही.

नवऱ्यानं मग एक्सेल काढलं. तो कुठल्याही भावनिक पेचातून असाच बाहेर पडतो. रकाने होते व्हिसा, विमानाचे तास, तापमान, शाकाहार, चालणं, बर्फ. प्रत्येक रकान्याला टक्के दिले, आणि खरं भांडण टक्क्यांवरून लागलं. आईंच्या गुडघ्याला वीस टक्के द्यायचे की पंचवीस? ‘खरेदी’ हा रकाना जावेनं नाशकातून शीटमध्ये परस्पर घातला आणि त्याला चाळीस टक्के दिले. बेरीज एकशे पस्तीस भरली. या हिशोबानं सर्वांत योग्य देश नेपाळ निघाला. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रसुद्धा चालतं, आणि म्हणूनच नेपाळला जाणं म्हणजे परदेशी जाणं हे भिशीत कुणी मानणार नव्हतं.

मॉरिशस मी सुचवलं. शेवटी सुचवलं, सगळे दमल्यावर. सुनांना कधी बोलायचं हे कळतं.

आणि मॉरिशसकडे पाठ फिरवायला खरंच कुणाला कारण सापडेना. व्हिसाला पैसे पडत नाहीत. मुंबईहून सरळ विमान आहे आणि घड्याळ दीडच तास मागे. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे डिसेंबरात उन्हाळा. लिचीचा मोसम, आणि गुलमोहर फुललेला. आपल्याकडे मे महिन्यात परीक्षांचे निकाल लागताना दिसणारा गुलमोहर तिथे नाताळाचं झाड आहे. तो मूळचा शेजारच्या मादागास्करचा. तिथे ढोलपुरी नावाचा पदार्थ रस्त्यावर मिळतो, डाळ भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, नेहमी जोडीनं देतात. हे ऐकून आईंनी पहिल्यांदा चष्मा लावून मोबाइलकडे पाहिलं.

बाबांना मी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखवला. १८३४ पासून करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर या बंदरात उतरत, आणि किनाऱ्यावरून वर जाणाऱ्या त्या काळ्या दगडी पायऱ्या अजून आहेत. सुमारे पाच लाख माणसं त्या वाटेनं आली. त्यात आपली कोकणातली, रत्नागिरीकडची माणसंही होती. ती उसाच्या मळ्यांत गेली आणि गणपती बरोबर घेऊन गेली. आज तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी विषय घेता येतो. बाबा बराच वेळ त्या पायऱ्यांच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आपल्या गावचे कोणी गेले असतील का?” हा प्रश्न लॉर्ड्सबद्दल त्यांना कधी पडला नव्हता.

विरोध झालाच. डिसेंबर म्हणजे तिकडचा चक्रीवादळांचा मोसम, हे दिरानं शोधून काढलं. “पण गर्दी कमी असेल,” असं सगळे एकदम म्हणाले, तेव्हा तो गप्प बसला. मुलाला बर्फ मिळणार नव्हता. त्याला आम्ही समुद्रात मासे बघायला काचेच्या तळाची होडी दाखवू असं सांगितलं. त्यानं फ्रीजरचं दार बंद केलं, पण मान हलवली नाही. त्यातच त्याचा पासपोर्ट संपत आलेला निघाला. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे दर वेळी पाचव्या वर्षीच कळतं. पासपोर्ट ऑफिसच्या तारखा, फोटोत हसू नकोस म्हटल्यावर त्याला येणारं हसू, आणि तोवर दर रात्री थोडं थोडं वर चढणारं विमानाचं भाडं. हे सगळं होऊन तिकिटं एकदाची काढली.

त्याच संध्याकाळी आईंनी भिशीतल्या पार्ल्याच्या मावशींना फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“आम्ही की नाही, मॉरिशसला चाललोय. भिशीतलं कोणी गेलेलं नाही. हो, उन्हाळा असतो तिकडे. गुलमोहर फुलतो. आणि अगं, मराठी माणसं आहेत तिथे, गणपतीसुद्धा बसवतात. खायला पोळीसारखं काहीतरी मिळतं.”

पलीकडे क्षणभर शांतता.

“उन्हाळा, गुलमोहर, मराठी माणसं, पोळी,” मावशी म्हणाल्या. “मग मे महिन्यात रत्नागिरीला या की.”

“मे महिन्यात आंबे असतात,” आई म्हणाल्या आणि त्यांनी भिशीतल्या पुढच्या बाईला फोन लावला.