चौऱ्याऐंशी लक्ष रीस्टार्ट

विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला काहीही झालं तरी जगात तिच्यावर एकच औषध आहे. बंद करा आणि पुन्हा चालू करा. सांगणाऱ्याला डिग्री लागत नाही, घेणाऱ्याला पथ्य नसतं आणि गुण का आला हे कोणी विचारत नाही. गल्लीतला केबलवाला हेच सांगतो, विमानवालेही हेच सांगतात. बोइंग ७८७ ची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनरेटर सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक आकडा मापाबाहेर जातो आणि विमानातली वीज एकदम गुल होऊ शकते, हे २०१५ मध्ये उघड झालं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने फर्मान काढलं, की मुदत भरायच्या आत विमान एकदा बंद करून चालू करत जा. एअरबसच्या ए३५० ला तर १४९ तासांचीच मुदत मिळाली. उड्डाणाआधी आपल्याला ‘मोबाइल बंद करा’ असं बजावणारं विमान स्वतःही त्याच काढ्यावर जगत होतं.

असं असताना एखादा फोन कोणी न सांगता, स्वतःच्या जबाबदारीवर हे औषध घ्यायला लागला, तर त्याचा सत्कार व्हायला हवा. आपण मात्र तो बिघडला असं म्हणतो.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी, अँथनी अल्बानीज यांनी, २०२३ मध्ये जनतेला जाहीर सल्ला दिला: फोन रोज रात्री पाच मिनिटं बंद ठेवा, दात घासता घासता उरकून टाका. हेरगिरी करणारे काही प्रोग्राम फोन बंद झाला की स्मरणातून पुसले जातात, म्हणून. पुढे २०२४ च्या अखेरीस आयफोन काही दिवस कुणी उघडला नाही तर आपला आपण रीस्टार्ट व्हायला लागला. डेट्रॉइटच्या पोलिसी दप्तरातला एक कागद तेव्हा बाहेर आला. पुरावा म्हणून जप्त केलेले फोन कपाटात पडल्या पडल्या रीस्टार्ट होत होते, आणि एकदा तसं झालं की त्यांची कुलपं उघडणं फार अवघड. पोलिसांचा तर्क असा, की हे फोन आपसात बोलून ठरवत असावेत. कोठडीतल्या आरोपींनी संगनमत करू नये म्हणून त्यांना वेगवेगळं ठेवायचं असतं, हा नियम मोबाइलला लावायचा राहून गेला होता. २०२५ मध्ये अँड्रॉइडनेही तीन दिवस कुलूपबंद राहिलेल्या फोनला हीच सोय करून दिली.

महाराष्ट्राला तर आपोआप रीस्टार्टचं नवल वाटायचं कारणच नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, राज्य झोपेत असतानाच सरकार चालू झालं आणि चौथ्या दिवशी पुन्हा बंद पडलं. त्यानंतर कुठली आवृत्ती कधी बसवली गेली, हे आठवायला आता हिस्टरी बघावी लागते.

तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन रीस्टार्ट होत असतो. कधीही होतो, पण टँकरच्या बिलाचा विषय निघाला की हमखास. “सेक्रेटरीसाहेब, मार्च महिन्यात टँकर किती आले?” असं विचारलं की पलीकडून “हो, तेच सांगतोय, एकूण...” एवढं ऐकू येतं आणि मग शांतता. सिंकिंग फंडाच्या बाबतीत तर फोन ‘सिंकिंग’पर्यंतही टिकत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हे मनावर घेतलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर इलाज मागवले.

ग्रुपवर इलाज यायला रोगाची वाट बघावी लागत नाही. एकाने सांगितलं, फोन हॅक झालाय. दुसऱ्याने सांगितलं, घराजवळच्या टॉवरचं रेडिएशन. तिसऱ्याने सांगितलं, रात्रभर तांदळात पुरून ठेवा. फोन पाण्यात पडलेलाच नाही, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं, पण तोवर चर्चा इंद्रायणी घ्यावा की कोलम इथवर पोचली होती. (पाण्यात पडलेला आयफोनही तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात, असं अ‍ॅपलनेच लिहून ठेवलं आहे. ग्रुपवर अ‍ॅपल नाही, त्यामुळे त्यांचं मत विचारात घेतलं गेलं नाही.)

मग कोपऱ्यावरचं दुरुस्तीचं दुकान. तिथे फोन हातात घेण्याआधीच निदान होतं. “आयसी उडालाय.” कुठला आयसी, हे विचारायची पद्धत नाही. नसेल उडाला, तर “सॉफ्टवेअर मारून देतो.” या धंद्यात सॉफ्टवेअर घालत नाहीत, बसवत नाहीत, मारतात. कंपनीच्या अधिकृत केंद्रात याच्या अगदी उलट. टोकन, एसी, जॉबशीट, आणि तिथे पोचल्यापासून फोन एकदाही बंद पडत नाही. “फॉल्ट दिसत नाही सर,” असं म्हणून ते फोन परत देतात, किंवा सगळा पुसून कोरा करू म्हणतात. “डेटाची जबाबदारी आमची नाही,” यावर आधी सही घेतात. सेक्रेटरींनी ही सही सगळ्यात आनंदाने केली.

खरं पाहता फोन उगाच रीस्टार्ट होत नाही. आत एक वॉचडॉग नावाचा पहारेकरी असतो. ठरावीक वेळात मुख्य प्रोग्रामने त्याला हाक दिली नाही, की तो समजतो सगळं गोठलं, आणि सरळ फोन नव्याने चालू करतो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला हा अधिकार असता, तर कमिटी वर्षात तीनदा बदलली असती. दुसरं कारण बॅटरी. म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो; कॅमेरा किंवा एखादा गेम उघडला की प्रोसेसर एकदम जास्त वीज मागतो, विजेचा दाब खाली येतो आणि टक्केवारी ४० दिसत असतानाही फोन मान टाकतो. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्यांबद्दल अ‍ॅपलचा हिशेब असा, की ५०० पूर्ण चार्जिंगनंतर त्यांची ताकद ८० टक्के उरावी. म्हणून आधी फोन चार्जरला लावून बघायचा: तेव्हा नीट चालला, तर संशय बॅटरीवर. नाहीतर सेफ मोडमध्ये चालू करायचा. त्यात आपण बाहेरून आणून घातलेली अ‍ॅप गप्प बसतात, आणि एवढ्याने फोन शांत झाला तर दोषी त्यांच्यातच असतो. मेमरी कार्ड काढून बघायचं, साठवणूक गच्च भरली असेल तर ‘शुभ सकाळ’चे फोटो पुसायचे. हे सगळं फुकट आहे, म्हणूनच कोणी सांगत नाही.

आणि कधी कधी दोष कारखान्यातूनच येतो. एलजीचा जी४ हा फोन चालू व्हायचा, बोधचिन्ह दाखवायचा, बंद व्हायचा, पुन्हा बोधचिन्ह दाखवायचा. गिऱ्हाइकांनी जंग जंग पछाडल्यावर जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने मान्य केलं, की आतल्या भागांची जोडणी सैल आहे. २०२१ मध्ये एलजीने मोबाइलचा धंदाच बंद केला आणि पुन्हा चालू केला नाही. अ‍ॅपलचं वागणं जास्त मुरब्बी. जुने आयफोन अचानक बंद पडतात म्हटल्यावर २०१७ च्या सुरुवातीला त्यांनी अपडेटमधून फोनची गतीच कमी केली, आणि हे सांगितलं डिसेंबरमध्ये, तेही लोकांनी पकडल्यावर. धावताना धाप लागते अशी तक्रार केली तर डॉक्टरांनी गुपचूप पायच बांधून ठेवावेत, तसला इलाज. फ्रान्सने त्यासाठी अडीच कोटी युरो दंड केला. बंद पडणं बरंच कमी झालं होतं हे मात्र खरं.

पण माझे आवडते रीस्टार्ट वेगळेच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या सेंट मेरी तलावाचा एक सुंदर फोटो फिरत होता. तो वॉलपेपर म्हणून लावला, की अँड्रॉइड १० वर चालणारे कितीतरी फोन बंद-चालूच्या फेऱ्यात अडकायचे. फोटोतल्या एका ठिपक्याची उजळता मोजताना उत्तर २५५ च्या वर जायचं, आणि त्याहून अधिक उजेड असू शकतो ही कल्पनाच प्रोग्रामला नव्हती. २०१८ मध्ये तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे एक अक्षर मेसेजमध्ये आलं, की आयफोन कोलमडायचा. हजार डॉलरच्या यंत्राला ज्ञानाचं पहिलं अक्षर झेपलं नाही. अ‍ॅपलने त्याच फेब्रुवारीत दुरुस्ती पाठवली. त्याआधी २ डिसेंबर २०१७ ला रात्री सव्वाबारानंतर, ज्यांच्या आयफोनवर रोज आठवण करून देणारी अ‍ॅप होती, त्यांचे फोन रीस्टार्ट होत राहिले. रोज आठवण करून देणाऱ्याचा कंटाळा येतो, हे संसारी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

सेक्रेटरींच्या फोनचं निदान शेवटी वहिनींच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने केलं. तिने सेफ मोड बघितला, चार्जर बघितला, मग म्हणाली, “काका, कव्हर काढा.” कव्हर पाकिटासारखं उघडणारं, आणि त्याच्या खणांत इतके कागद कोंबलेले, की ते फुगून बाजूचं पॉवरचं बटण दाबत होतं. फोन कानाशी घट्ट धरला की बटण काही सेकंद दाबलेलं राहायचं, आणि तेवढं दाबून ठेवलं की फोनने रीस्टार्ट व्हायचं ही त्याची सोयच आहे. कागद बाहेर काढले. मार्च महिन्यातल्या टँकरची बिलं निघाली, सगळी.

त्यानंतर फोन एकदाही बंद पडलेला नाही. रविवारी क्लब हाऊसमध्ये सर्वसाधारण सभा झाली. वहिनींनी उठून विचारलं, “साहेब, बिलं सापडली, आता सिंकिंग फंडाचं काय?” सेक्रेटरी खुर्चीतल्या खुर्चीत वळले, एक कान झाकला आणि म्हणाले, “हॅलो... हॅलो... तुमचा आवाज तुटतोय.” फोन घरी चार्जिंगला होता.