पागडीचे अद्वैत

घर भाड्याने घ्यावे की विकत, या प्रश्नापायी अन्यत्र गृहस्थ हिशेबाच्या वह्या झिजवीत असता, मुंबापुरीने पागडी नामक असा एक तोडगा काढला, की ज्यात घसघशीत रक्कम मोजूनही मनुष्य भाडेकरूच राहतो आणि ती पदरात पाडून घेणारा मालक स्वतःच्याच इमारतीत उपरा ठरतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या दराशी जखडले व पागडी घेणे हा गुन्हा ठरविला. परंतु तो गुन्हा गिरगावापासून दादरपर्यंत इतक्या सचोटीने पाळला गेला, की कुळाने खोली दुसऱ्यास देताना मालकाचा हिस्सा, बहुधा तृतीयांश, बिनतक्रार पोहोचता होई, आणि अखेरीस १९९९ च्या कायद्याला या व्यवहारास रीतसर मान्यता द्यावी लागली. नाममात्र भाड्याची पावती फाडणाऱ्या मालकाने गळक्या छपराकडे वैराग्याने पाहावे, आणि कुळाने दुरुस्ती हे मालकाचेच कर्तव्य मानून लाकडी टेकूंच्या छायेत पिढ्यानपिढ्या निश्चिंत निजावे, हे ओघानेच आले. अकरा महिन्यांच्या करारावरचे सांप्रतचे बिऱ्हाड या सुखास मुकले आहे. त्याच्या मालकास छप्पर शाकारण्याची सद्बुद्धी होते खरी, पण बहुधा घर रिकामे झाल्यावर.