अमेरिकेहून नागपूरला येण्याचे कायदेशीर मार्ग

परदेशगमनाच्या शास्त्रात नागपूर शहराने कमावलेली विद्वत्ता सर्वस्वी एकमार्गी आहे. विद्यार्थ्याला लागणारा एफ-वन व्हिसा, नोकरदाराला लागणारा एच-वन-बी, त्याच्या बायकोला मिळणारा आणि वर्षानुवर्षे तिची पदवी घरात बसवून ठेवणारा एच-फोर, विद्यापीठाकडून येणारे आय-ट्वेंटी नावाचे पत्र, आणि मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जाताना सदरा पांढरा असावा की आकाशी, या सर्व विषयांवर धरमपेठेपासून प्रतापनगरपर्यंतचा कोणताही निवृत्त गृहस्थ अधिकारवाणीने बोलू शकतो. आणि त्याने स्वतः कधी पासपोर्ट काढलेला नाही ही बाब त्याच्या अधिकाराला बाधक मानली जात नाही. प्रस्तुत लेखक याच परंपरेतील असून, आपल्या सल्ल्याने अमेरिकेला गेलेल्या मुलांची गणना करण्याची त्याची पद्धत काहीशी उदार आहे, कारण तीत सल्ला न मानता गेलेल्या मुलांचाही समावेश होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा तिकडच्या कंपन्या जेवढ्या हादरल्या नसतील तेवढा हा सल्लागारवर्ग हादरला, आणि ‘आता जर्मनी’ असे म्हणून दोन दिवसांत सावरलाही.

अशा पंडिताला उलट्या दिशेचा प्रश्न विचारला जाणे हे परीक्षकाने अभ्यासक्रमाबाहेरचे विचारण्यासारखे होते. प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणजे लेखकाच्या भाचीची मुलगी, जन्माने न्यू जर्सीची आणि म्हणून जन्मतःच अमेरिकन नागरिक. तिला नागपुरात येऊन शिकायचे किंवा काम करायचे होते आणि त्याचे रीतसर मार्ग कोणते, एवढेच तिने विचारले होते. नातेवाइकांची पहिली प्रतिक्रिया चौकशीची नव्हती, शोकाची होती. पोरगी कॉलेजात नापास झाली असावी, नाहीतर तिकडे काही भानगड झाली असावी, असे दोन पक्ष तत्काळ तयार झाले, आणि एखाद्याला एखादे गाव आवडू शकते हा तिसरा पक्ष मांडायला कोणी पुढे आले नाही. हे गाव आपलेच असूनही असे झाले. कदाचित आपलेच असल्यामुळे.

मार्गांची पाहणी कार्डापासून सुरू करावी लागते. ज्याचे आईबाप, आजीआजोबा किंवा पणजोबा भारताचे नागरिक होते, अशा परदेशी नागरिकाला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे बोलीत ओसीआय, नावाचे कार्ड मिळते. ही योजना २००५ साली प्रत्यक्षात आली आणि भारतीय वंशीयांसाठीचे आधीचे पीआयओ कार्ड २०१५ मध्ये तिच्यात विलीन झाले. नावात ‘सिटिझन’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे, कारण भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. कार्डधारक आजन्म येऊ-जाऊ शकतो, नोकरीही करू शकतो, पण मत देऊ शकत नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. यातला बारकावा विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: काटोलची संत्र्याची बाग वारसाहक्काने मिळाली तर चालते, विकत घेतलेली चालत नाही. लेखकाने ही माहिती एका कौटुंबिक बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितली आणि त्यानंतर बागेचे विद्यमान मालक असलेले काका त्याच्याशी काही काळ बोलले नाहीत.

संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांसाठी मात्र कार्डधारकालाही वेगळी परवानगी घ्यावी लागते. नागपुरात उपलब्ध असलेले सर्वांत उंच साहस सेमिनरी हिल्स असल्यामुळे चौथ्या अटीची चिंता नव्हती. शिक्षणाच्या बाबतीत चित्र अधिक कठोर आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थी वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशात केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त (सुपरन्यूमररी) जागांसाठी पात्र ठरतात. ज्यांना त्या तारखेपूर्वी कार्ड मिळाले होते त्यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये या निर्बंधातून वाचवले. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत ‘दासा’ नावाच्या योजनेतून परदेशस्थ विद्यार्थ्यांना थेट प्रवेश मिळतो, परंतु शुल्क डॉलरमध्ये भरायचे असते. ज्या पोरीच्या आजीने पंचाहत्तर टक्के आयुष्य बजाजनगरात काढले तिने बजाजनगराला लागून असलेल्या आवारात शिरायला डॉलर मोजावेत, यात सरकारचे काही चुकते आहे असे लेखकाचे मत आहे. ते त्याने अद्याप सरकारला कळवलेले नाही.

आता ज्याच्या वंशात कोणीच भारतीय नाही अशा निव्वळ अमेरिकनाचा विचार करू. विवाह हा एक मार्ग आहे: भारतीय नागरिकाशी नोंदणीकृत विवाह होऊन तो सलग दोन वर्षे टिकला की ओसीआयसाठी अर्ज करता येतो. दोन वर्षे टिकणे ही अट घालणाऱ्याला संसाराची जाण असावी. दुसरा मार्ग नोकरीचा. त्यासाठी ‘एम्प्लॉयमेंट व्हिसा’ लागतो, आणि तो मिळण्यासाठी त्या परदेशी माणसाचा पगार वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये असावा लागतो. शिवाय ज्या कामाला पात्र भारतीय मुबलक मिळतात अशा किरकोळ वा कारकुनी कामासाठी तो दिला जात नाही. ही रक्कम वाचून प्रस्तुत लेखकाने आपल्या सेवापुस्तकाशी तिची तुलना केली असता असे निष्पन्न झाले की, तो परदेशी असता तर संपूर्ण नोकरीच्या काळात एकाही वर्षी भारत सरकारने त्याला भारतात काम करू दिले नसते.

तथापि या पगाराच्या अटीला अपवाद आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या अपवादाने लेखकाला जे वेड लावले त्याचे वर्णन येथे विस्ताराने करणे भाग आहे, जरी विषयाला त्याची गरज नसली तरी. पहिला अपवाद आहे ‘एथ्निक कुक’, म्हणजे आपल्या देशाचे पारंपरिक जेवण रांधणारा आचारी. मुंबईच्या हॉटेलात सुशी वळणारा जपानी किंवा पास्ता करणारा इटालियन सरकारच्या डोळ्यांसमोर असणार हे उघड आहे. पण अमेरिकन आचाऱ्याचे काय? अमेरिकेचे पारंपरिक जेवण कोणते हे ठरवायचे कोणी, आणि ते नागपुरात चाखून पाहणार कोण? हॅम्बर्गरच्या नावात जर्मन शहर आहे, पिझ्झा इटलीचा आहे, आणि बटाट्याच्या ज्या तळलेल्या काड्या जगभर अमेरिकेच्या नावाने खपतात त्यांना खुद्द अमेरिकन लोक फ्रेंच म्हणतात. उरला ‘थँक्सगिव्हिंग’ सणाचा टर्की पक्षी, जो भाजायला चार-पाच तास लागतात. आणि सावजी भोजनालयात बसलेल्या माणसाला एवढा वेळ थांबवून ठेवणे हे कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने धोक्याचे आहे. त्यातून तो पक्षी शिजला, वाढला गेला, तरी पहिला घास घेताच नागपूरकर तर्री मागणार, आणि तर्री ओतल्यावर त्या पदार्थाचे अमेरिकनपण कायद्यापुढे टिकेल काय? की तर्री ओतण्यापूर्वी एक आणि नंतर एक असे दोन पंचनामे करावे लागतील? बरे, आचारी अमेरिकेत वाढलेला पण वंशाने हलबा कोष्टी असला, आणि डेट्रॉइटमध्ये राहून आजीच्या हातचा सावजी मसाला कुटायला शिकून आला, तर त्याचे ‘पारंपरिक जेवण’ कोणत्या देशाचे? लेखकाने या विषयावर एक टिपण तयार केले, त्याला परिशिष्ट जोडले, आणि ते एका परिचित वकिलांना वाचून दाखवले. वकिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि फीबद्दल विचारले.

दुसरा अपवाद मात्र गंभीर आहे. भाषाशिक्षकांना आणि अनुवादकांना ही पगाराची अट लागू नाही, परंतु इंग्रजीचे शिक्षक या सवलतीतून वगळलेले आहेत. याचा सरळ अर्थ असा की अमेरिकन माणसाला जी एक गोष्ट जन्मतः येते ती त्याने भारतात शिकवायची तर त्याचा पगार सव्वासोळा लाख हवा, आणि तो मराठी शिकवणार असेल तर हवा तेवढा कमी चालेल. कायदा करणाऱ्यांनी हा विनोद जाणूनबुजून केला असेल असे वाटत नाही, परंतु महाराष्ट्रात तो आधीच खरा होऊन बसला आहे. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाई १९६० च्या दशकात मराठीच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या, जाई निंबकर यांच्यासह त्यांनी मराठी शिकवण्याची पुस्तके आणि व्याकरण लिहिले, भारताचे नागरिकत्व घेतले, आणि ज्या काळात मराठी मध्यमवर्ग आपली मुले इंग्रजी शाळांत घालण्यासाठी रांगा लावत होता त्या काळात त्यांनी फलटणला मराठी माध्यमाची शाळा काढली. त्या शाळेला नाव दिले कमला निंबकर यांचे; आणि या कमलाबाई म्हणजे मूळच्या एलिझाबेथ लुंडी, त्याही अमेरिकन, ज्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे रोजच्या कामांतून रुग्णाला पुन्हा उभे करण्याच्या शास्त्राची, देशातली पहिली शाळा सुरू केली. पुढे नागपूरच्या मेडिकल कॉलेजातही हे शिक्षण सुरू झाले, आणि मेडिकल चौकातून रोज जाणाऱ्या प्रस्तुत लेखकाला, जो स्वतःला शहराच्या इतिहासाचा जाणकार म्हणवतो, या विद्येच्या मुळाशी एक अमेरिकन सून आहे याचा पत्ता नव्हता.

नावे आणखी आहेत. गेल ऑम्व्हेट यांनी बर्कलेला पीएच.डी.साठी जोतीराव फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ हा विषय घेतला, सांगली जिल्ह्यातील कासेगावची सून होऊन १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला तो १९६९ साली, म्हणजे दीक्षाभूमीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या अनेक घरांत त्या विषयाचे नावही निघत नव्हते तेव्हा. ॲन फेल्डहाउस यांनी रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले. नागपूरहून रिद्धपूर काही तासांवर आहे आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे, पण नागपूरकर अजून शेगावच्या वाटेवर तिथे थांबत नाही. आणि १९६६ मध्ये लिलियन कार्टर नावाच्या परिचारिका ‘पीस कोअर’ या अमेरिकन स्वयंसेवी योजनेतून विक्रोळीला आल्या, दोन वर्षे दवाखान्यात राबल्या आणि परत गेल्या. येताना त्यांचे वय ६८ होते. त्यांचा मुलगा पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, पण तो येथे गौण आहे. येथे मुद्दा ६८ या आकड्याचा आहे, कारण त्याच वयाचे नागपूरकर आईबाप आज नातवंडे सांभाळायला सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसावर न्यू जर्सीला जातात, हिवाळ्यात खिडकीशी बसतात, आणि परत आले की रामदासपेठेतल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूमना कुलूप लावून राहतात. त्यांच्या कपाटात मुलांच्या ओसीआय कार्डांच्या झेरॉक्स असतात. कार्ड आजीवन आहे. मुक्काम डिसेंबरात तीन आठवड्यांचा असतो, आणि त्यातला एक आठवडा ताडोबात जातो.

या घरांना लेखकाने तीस-चाळीस वर्षे फक्त बाहेरचा दरवाजा दाखवला, ही गोष्ट कोणी त्याच्या तोंडावर म्हणत नाही. सल्लागाराला तेवढा मान नागपुरात अजून आहे.

उरतो शेवटचा मार्ग: अमेरिकन नागरिकत्व सोडून भारताचे घेणे. तसे न केल्यास अमेरिकेचे प्राप्तिकर खाते माणसाचा पिच्छा सोडत नाही, कारण तो देश आपल्या नागरिकांच्या जगभरातील उत्पन्नाचा हिशेब मागतो, आणि परदेशी बँकांत मिळून दहा हजार डॉलरहून अधिक शिल्लक असली तर त्याचे वेगळे विवरण भरायला लावतो; आजीने नातीच्या नावे सीताबर्डीच्या बँकेत ठेवलेली मुदत ठेवही त्यातून सुटत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या तिसऱ्या अनुसूचीत देशीकरणाच्या, म्हणजे परकीयाला नागरिक करून घेण्याच्या, अटी दिल्या आहेत. दीर्घ वास्तव्य आणि चांगले चारित्र्य यांच्याबरोबर तेथे एक अट अशी आहे की अर्जदाराला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, संस्कृत आहे, डोगरी आणि संथाळीही आहे, इंग्रजी नाही. म्हणजे धरमपेठेतील कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली कितीतरी मुले केवळ भारतीय आईबापांपोटी येथे जन्मली म्हणून भारतीय आहेत, अर्ज करावा लागता तर त्यांना हिंदी चित्रपटांनीच तारले असते.

हे सर्व संकलित करून लेखकाने भाचीच्या मुलीसाठी अठरा पानांचे इंग्रजी निवेदन तयार केले, त्यात आचाऱ्यांचे प्रकरण परिशिष्टासह घातले, आणि व्हिडिओ कॉलवर ते तिला वाचून दाखवण्यास सुरुवात केली. मराठीची अट आली तेव्हा त्याने तिला धीर दिला की भाषा कठीण असली तरी आपण स्वतः तिची तयारी करून घेऊ, आणि हा धीरही त्याने सावकाश, शब्द सुटे सुटे करत, इंग्रजीतच दिला. दर रविवारी बजाजनगरच्या आजीशी तासभर बोलणाऱ्या त्या मुलीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, तुम्ही इंग्रजीत काहून बोलून राहिले?” त्यावर प्रस्तुत लेखकाने, गोंधळलेल्या नागपूरकराच्या प्रकृतिधर्मास अनुसरून, हिंदीत उत्तर दिले.